जळालेलं चर्च, जेवणाच्या टेबलावरचे दोन नकाशे

पत्र:

‘आमचं चर्च कोल्हापुरातल्या जुन्या वस्तीत आहे. काळ्या दगडाच्या भिंती, छप्पर पेलणाऱ्या सागवानी त्रिकोणी कैच्या, मंगलोरी कौलं. शंभरी कधीच उलटली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री आग लागली. छप्पर, बाकं, पुलपिट म्हणजे प्रवचनाचा उंच ओटा, बाजाची पेटी, सगळं गेलं. भिंती राहिल्या आणि घंटा राहिली. शॉर्टसर्किट असावं म्हणतात. मी पंच कमिटीची चिटणीस आहे. मंडळीत आता दोन तट पडलेत. माझे सासरे आणि जुनी माणसं म्हणतात, होतं तस्संच उभं करायचं. माझा धाकटा दीर आणि तरुण संघ म्हणतो, भिंती पाडा, खाली पार्किंग आणि वर हॉल असं आरसीसीत दुमजली बांधा. एका ठेकेदारानं सहा महिन्यांत करून देतो म्हणून रंगीत चित्रासकट नकाशाही आणून दिलाय, १ कोटी २० लाखांचा. विमा ४० लाखांचा आहे. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवायला तयार आहेत. ईस्टरची पहाटेची उपासना त्या चार भिंतींतच घ्यायची असं मात्र दोन्ही तटांचं एकमत आहे. सासरे आणि दीर एकाच टेबलावर जेवतात आणि मी वाढते. मी सून म्हणून गप्प बसू, की चिटणीस म्हणून बोलू? आणि बोलायचं तर काय बोलू?’
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

ताई, सलाम.

तुमचं पत्र वाचलं आणि ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवली. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला रस्त्यावर उभा होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते जुनं पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आजूबाजूला मोठमोठी माणसं रडत होती. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘होतं तसं उभं राहिलं पाहिजे.’ ते कुणी हिशेब करून बोलत नव्हतं. म्हणून तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मला हट्ट वाटत नाही. त्यांचा बाप्तिस्मा, लग्न, आईवडिलांची शेवटची उपासना, सगळं त्याच छपराखाली झालं असणार.

तुमचा दीरही चुकीचं बोलत नाही. त्याला मुलांच्या रविवारच्या शाळेला जागा हवीय, म्हाताऱ्यांना पायऱ्या नकोत, रस्त्यावर गाड्या लावून शेजाऱ्यांशी भांडणं नकोत. या गरजा खऱ्या आहेत, आणि आग लागायच्या आधीपासूनच्या आहेत.

पण दोघेही ज्या प्रश्नाचं उत्तर देताहेत तो अजून विचारायची वेळच आलेली नाही. काय बांधायचं हे ठरवण्याआधी काय उरलंय ते कळायला हवं, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘भिंती राहिल्या.’ राहिल्या म्हणजे उभ्या आहेत. त्या धड आहेत का, हे अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही.

जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत माझी पस्तीस वर्षं गेली. त्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती अजून बोचते. जळालेल्या एका वाड्याचं काम माझ्याकडे होतं. मालकांना दिवाळीच्या आत राहायला यायचं होतं. मागची भिंत काळीठिक्कर पडलेली आणि गिलावा फुगून गळत होता. मी बाहेरून बघितलं आणि ‘पाडा’ म्हणालो. पाडायला घेतली तर दोन इंच आत भिंत अशी खणखणीत, की गवंड्यांना पहारीनं दगड निघेना. तीन दिवस ती पाडत होते आणि मी तिथं उभा राहून बघत होतो. थांबा म्हणायला जीभ रेटली नाही, कारण चूक माझी होती. ती भिंत पुन्हा तशी बांधणं त्या पैशात शक्यच नव्हतं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आगीत दगडी भिंतीचं काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे मीटिंगमध्ये तुम्हाला कुणी गुंडाळणार नाही. आपला काळा दगड उष्णता बरीच सोसतो. पण तापलेल्या दगडावर बंबाचं गार पाणी पडलं की त्याचे वरचे पापुद्रे सुटतात, कुठे तडा जातो. खरी परीक्षा सांध्यांतल्या चुन्याची असते. आठ-नऊशे अंशांपर्यंत तापलेल्या भागातला चुना पुन्हा भट्टीतून काढल्यासारखा कळीचा चुना होतो. मग त्याला पाणी लागलं की तो फुलतो आणि भुगा होतो. हे बहुधा वरच्या इंच-दोन इंचांतच घडतं, पण खिडक्यांच्या कमानींवर आणि कैच्यांच्या टोकांपाशी जास्त खोल जाऊ शकतं. तपासायचं कसं? सांध्यात किल्ली खुपसून बघायची, किती आत जाते. दगडावर छोटी हातोडी मारून आवाज ऐकायचा, खणखणीत की बद्द. ओळंबा लावून भिंत किती कलली ते मोजायचं. तडा दिसेल तिथं आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवायची आणि तिच्यावर तारीख टाकायची. भिंत हलली तर काच तडकते. या पट्ट्या एक पावसाळा तरी ठेवा. एवढं स्थानिक गवंडीही करील, पण निष्कर्ष मात्र लेखी घ्या, आणि तो चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. ज्यानं जन्मभर फक्त आरसीसीच केलंय तो पाहताक्षणी ‘पाडा’ म्हणेल. जसा मी म्हणालो होतो.

लाकडाचंही तसंच. जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा झालेली दिसते, पण लाकूड साधारण तासाला चार सेंटिमीटरच्या आतबाहेर जळत आत जातं आणि वरचा कोळसाच आतल्या गाभ्याला काही काळ राखतो. खाली पडलेल्या तुळया वाकसानं तासून बघा. आत सहा इंच चांगलं लाकूड निघालं तर त्याचं पुलपिट होईल, दारांच्या चौकटी होतील. भंगारवाल्याला आत्ताच काही देऊ नका. राख चाळून घ्या. बिजागऱ्या, खिळे, रंगीत काचांचे तुकडे, न फुटलेली कौलं, फरशी, सगळं एका बाजूला लावून, फोटो काढून ठेवा. छपरात कुठे लोखंडी गर्डर होता का, हेही बघा. दहा मीटरचा गर्डर सहाशे अंश तापला तर जवळजवळ सात सेंटिमीटर लांब होतो आणि ज्या भिंतींत रोवलेला असतो त्यांना बाहेर ढकलतो. तशी भिंत दिसायला सरळ असते, पण आतून सुटलेली असते.

आता घाईचं काम. घाई करायचीच तर इथे करा.

छपराच्या कैच्या दोन्ही भिंतींना एकमेकींशी बांधून धरत होत्या. त्या गेल्या. आता त्या उंच भिंती मोकळ्या उभ्या आहेत. त्यांतही दर्शनी बाजूची आढ्याखालची त्रिकोणी भिंत सगळ्यांत धोक्याची, कारण वर तिला कुणाचाच हात नाही. आणि आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो असं कागदावर असलं तरी वळीव त्याच्या खूप आधी येतो, तो वादळ घेऊन येतो. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. म्हणून या महिन्याच्या आत दोन गोष्टी करा. त्या त्रिकोणी भिंतीला दोन्ही बाजूंनी टेकू द्या. आणि संपूर्ण इमारतीवर पत्र्याचं तात्पुरतं छप्पर घाला, पण ते जमिनीवरून उभ्या केलेल्या स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर. भिंतींवर त्याचा एक किलोही भार नको. भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री बांधा, कारण उघड्या माथ्यातून पाणी आत मुरलं तर आगीनं जे केलं नाही ते एक पावसाळा करतो. बंबाचं पाणी भिंतींनी प्यायलंय, ते वाळायलाही वेळ लागेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर ज्यांनी दोन महिन्यांत भिंती रंगवून घेतल्या त्यांचे पोपडे आपण सगळ्यांनी बघितलेत. जाड दगडी भिंत त्याहून सावकाश वाळते.

यावर तुमचा दीर म्हणेल, पत्र्यावर पैसे का घालवायचे? त्याला पॅरिसच्या नोत्र दामची गोष्ट सांगा. १५ एप्रिल २०१९ ला ते कॅथीड्रल पेटलं. सगळ्या जगातून पैसा आला, अध्यक्षांनी पाच वर्षांत उभं करू म्हणून जाहीर केलं. तरीही सप्टेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ, तिथं फक्त उरलेलं सावरण्याचं काम चाललं होतं: टेकू देणं, वितळून एकमेकांत गुंतलेले परांचीचे लोखंडी नळ कापून काढणं, दगड तपासणं. बांधकाम त्यानंतर. डिसेंबर २०२४ मध्ये दारं उघडली. सुरुवातीला तिथंही नवा, आधुनिक मनोरा बांधायची भाषा होती, आणि जुनं जसंच्या तसं हवं म्हणणारेही होते. होतं तसंच करायचं हा निर्णय २०२० च्या जुलैत झाला, आग लागल्यावर सव्वा वर्षानं. जगाचा पैसा हाताशी असलेल्यांनी एवढं थांबायचं, तर आपल्या मंडळीनं सहा महिन्यांत हार घालून उद्घाटन का करायचं?

नोत्र दामवरून आणखी एक आठवलं. अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेच्या इतिहासकारानं आगीच्या कितीतरी वर्षं आधी त्या इमारतीचं लेझरनं इंच-इंच मोजमाप करून ठेवलं होतं. आगीच्या आधी काही महिने तो वारला, पण त्याची मापं मागे राहिली. तुमच्या चर्चची अशी मापं नसतील. पण मंडळीच्या घराघरांत लग्नाचे अल्बम आहेत! वेदीपुढचा जोडीचा फोटो, दारातला वऱ्हाडाचा फोटो, नाताळच्या सजावटीत वर दिसणाऱ्या कैच्या. सगळे अल्बम मागवा. दारं-खिडक्यांची मापं आजही भिंतीत शाबूत आहेत. त्यांच्याशी ताडून फोटोतून बाकांची उंची, कैचीचा आकार, पुलपिटाचं नक्षीकाम बऱ्यापैकी काढता येतं. हे काम तरुण संघाला द्या. सासऱ्यांच्या पिढीला शेजारी बसवून नावं लिहून घ्या. पुढे काहीही बांधा, ही वही तुमच्याजवळ राहील.

रजिस्टरांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं वाचली असतील तर आज, हे वाचून झाल्यावर, कपाट उघडा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालची लग्नाची नोंद हा कायदेशीर पुरावा असतो. पासपोर्टला, वारसाला तीच लागते. पानं ओली असतील तर ओढून सुटी करू नका, उन्हात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. मग कागदाच्या जतनाचं काम जाणणाऱ्याकडून एकेक पान सोडवून घ्या. सुकलेली असतील तर फोनवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, आजच.

आता पैसा. विमा ४० लाखांचा आहे म्हणजे ४० लाख मिळणार, असं धरून मंडळी चालली असेल तर तुम्ही तिला आधीच सावध करा. समजा इमारतीची खरी किंमत १ कोटी आहे आणि विमा ४० लाखांचाच उतरवलाय. नुकसान ५० लाखांचं ठरलं, तर कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे २० लाखच देऊ शकते. पॉलिसी काढून शांतपणे वाचा. राडारोडा उचलण्याचा आणि आर्किटेक्टच्या फीचा काही भागही तिच्यात असू शकतो, तो मागायचा राहून जातो. सर्व्हेअरचं बघून-लिहून होईपर्यंत एकही भिंत पाडायची नाही. पंचनामा आणि अग्निशमन दलाचा अहवाल यांच्या प्रती फाइलला लावा. भिंतींवरच्या इंजिनिअरच्या अहवालाचा उपयोग इथंही होतो.

परदेशातल्या नातेवाइकांचं प्रेम खरं, पण घाईनं त्यांचा पैसा खात्यावर घेऊ नका. जो भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करतो त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी वेगळी. ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याची देणगी कायद्यानं परदेशी देणगी ठरते, मग तो तुमचा सख्खा मामा का असेना. त्यासाठी ट्रस्टकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच यावा लागतो. ट्रस्टच्या नावावर कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी. आणि या सगळ्याच्याही आधी सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. मिशनच्या काळातल्या जुन्या जागा पुष्कळदा स्थानिक मंडळीच्या नावावर नसतात, एखाद्या मोठ्या चर्च कौन्सिलच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असतात. तसं असेल तर तुमच्या कमिटीनं एकमतानं केलेला ठरावही पुरा पडणार नाही. महापालिकेचा नगररचना विभागसुद्धा अर्जदार म्हणून मालकालाच विचारतो.

स्थानिक देणग्यांसाठी एकच सांगतो. वेगळं खातं, तीन सह्या, रोख शक्यतो नाही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर जमा-खर्च मोठ्यानं वाचायचा. ज्या कामात हा नियम पाळला गेला तिथं पैशावरून भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता त्या रंगीत चित्राबद्दल. ठेकेदार वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण ज्यानं भिंतीला हात लावून बघितलं नाही त्यानं सहा महिन्यांची मुदत दिली, एवढ्यावरच मी तो कागद बाजूला ठेवला असता. मधला मार्ग म्हणून ‘भिंती ठेवा आणि वर स्लॅब टाका’ असंही कुणीतरी सुचवेल. ते तर मुळीच ऐकू नका. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जातं. मंगलोरी कौलं रीपांसकट सत्तरेक किलो. चुन्यातल्या भिंतींवर चौपट ओझं टाकायचं आणि तेही मधे खांब नसलेल्या मोठ्या हॉलवर, हे त्या भिंतींना सोसणारं नाही. या भिंतींनी १९६७ चा कोयनेचा भूकंप काढलाय. माथ्यावरचं हलकं छप्परही त्याचं एक कारण असणार.

मग करायचं काय? तुम्ही माझं मत विचारलं नाहीत, पण सांगतो. अहवालात भिंती धड निघाल्या तर त्या ठेवाव्यात, आणि छपराच्या बाबतीत मन मोकळं ठेवावं. फ्रान्समध्ये नांत गावचं कॅथीड्रल आहे. १९७२ साली त्याचं लाकडी छप्पर जळालं. तेव्हा त्यांनी आकार तोच ठेवून आतला सांगाडा काँक्रीटचा केला. २०२० च्या जुलैत तिथं पुन्हा आग लागली. आतला मोठा ऑर्गन गेला, पण छप्पर राहिलं. बाहेरून बघणाऱ्याला तो बदल कळतही नाही. तुमच्याकडे काँक्रीट नको, ते मी सांगितलंच. पण भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी फिरणारा एक पट्टा, त्यावर जुन्याच आकाराच्या कैच्या, वर मंगलोरी कौलं, असं होऊ शकतं. कैच्या सागाच्या की पोलादाच्या, हे पैसा आणि इंजिनिअर मिळून ठरवतील. पोलाद जळत नाही म्हणून ते सुरक्षित, असं मात्र समजू नका. साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते आणि बारीक अँगलच्या कैच्या जाड सागापेक्षा लवकर कोसळतात. सांधे भरायला चुनाच वापरा, सिमेंट नको. सिमेंट पाणी आत कोंडतं आणि शेजारचा जुना चुना मारतं. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना, त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ. गूळ तरी आपल्याला बाहेरून आणावा लागणार नाही.

आणि दिराचा हॉल? तो मागच्या अंगणात बांधा. वेगळा, साधा, आरसीसीचा, खाली गाड्या, बायकांसाठी चांगलं स्वच्छतागृह, रॅम्प. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळालं. तिथं स्पर्धा घेऊन बेसिल स्पेन्स या वास्तुविशारदाचा नवा आराखडा निवडला, पण जुन्या भिंती पाडल्या नाहीत. नवं कॅथीड्रल त्यांना लागूनच उभं राहिलं, आणि १९६२ साली त्याचं समर्पण झालं. छपराच्या दोन जळक्या तुळयांचा क्रूस करून तो त्यांनी उभा केला. तुमची जागा लहान आहे, गोष्ट लहान आहे, पण जुनं आणि नवं एका आवारात राहू शकतं एवढं तरी तिथून घेता येईल. अहवालात भिंती गेलेल्या निघाल्या तर मी माझं हे मत मागे घेईन. मग सासऱ्यांनाही तो कागद वाचून दाखवायला लागेल, आणि ते काम चिटणीस म्हणून तुम्हालाच करावं लागेल.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जड वाटला. टेबलावर गप्प बसा. कमिटीत बोला. घरी ‘बाबा असं म्हणाले’, ‘भावजी तसं म्हणाले’ असे निरोप पोचवू नका. दोघांनाही एकच उत्तर द्या: ‘मीटिंगमध्ये मांडा, मी इतिवृत्तात लिहून घेते.’ सुनेच्या तोंडी ते उलट उत्तर वाटेल, पण चिटणिसाचं ते कामच आहे, आणि दोन-चार वेळा झालं की घरातल्यांना सवय होईल. पहिली मीटिंग बांधकामावर ठेवूच नका. तिच्यात तीनच ठराव घ्या: टेकू आणि तात्पुरतं छप्पर, इंजिनिअरचा अहवाल, आणि अहवाल येईपर्यंत कुठल्याही नकाशावर चर्चा नाही. हे तिन्ही ठराव दोन्ही तटांना मान्य होतील, कारण यात कुणाची हार नाही. शक्य असेल तर पहिल्या ठरावाला सूचक सासरे आणि अनुमोदक दीर असू द्या. पाळकांना आधी भेटून हे सांगून ठेवा.

मग दोन महिने घरोघर जा. ‘जुनं हवं की नवं’ असं विचारू नका, लोक हात वर करून मोकळे होतात. जुन्या चर्चमध्ये काय आवडायचं, काय अडायचं, ते विचारा. म्हाताऱ्यांना, आणि खास करून बायकांना विचारा, त्यांचं म्हणणं मीटिंगपर्यंत पोचत नाही. एखादी आजी सांगेल, मागच्या बाकावर पास्टरांचं ऐकूच यायचं नाही. एखादी म्हणेल, संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पुलपिटावर यायचं तेवढं राहू द्या. आर्किटेक्टला द्यायचा कागद यातून तयार होतो. तोवर उपासना जवळपासच्या शाळेच्या किंवा एखाद्या बोर्डिंगच्या हॉलमध्ये घ्या. शाहू महाराजांच्या काळात या गावात ज्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही होतं. इथं मागितलं तर हॉल मिळतो.

काम सुरू होईल तेव्हा एक गोष्ट ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या, नुसती तोंडी नको. वेल्डिंग आणि कटिंग दुपारी तीनला बंद. त्यानंतर दोन तास एक माणूस पाण्याच्या बादल्या आणि आग विझवायचं सिलिंडर घेऊन तिथंच बसून राहील. ग्लासगोची कलाशाळा २०१४ मध्ये जळाली आणि दुरुस्ती चालू असतानाच २०१८ मध्ये पुन्हा जळाली. नोत्र दाममध्येही आग लागली तेव्हा दुरुस्तीचं काम चालू होतं. नव्या वायरिंगला लोखंडी नळी हवी, मेन स्विच बाहेर हवा, उपासना संपल्यावर तो बंद करायची जबाबदारी एका माणसाच्या नावानं हवी. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. नाताळच्या माळा प्लगवर प्लग लावून जोडण्याची सवय मोडायला हवी. त्यासाठी दिराला नेमा, तो करील.

राहता राहिला ईस्टर. त्या चार भिंतींत उपासना घेऊ नका. मला कळतंय दोन्ही तट याच एका गोष्टीवर एकत्र आलेत आणि मी नेमकी तीच मोडतोय. पण टेकू न दिलेल्या भिंतीखाली शे-दीडशे माणसं, त्यांत मुलं, पहाटेचा अंधार, हे मी कुणालाही करू देणार नाही. अंगणात घ्या. भिंतीची उंची मोजा, तिच्या दीडपट अंतरावर दोरी बांधा आणि दोरीच्या आत कुणालाही जाऊ देऊ नका. खुर्च्या पूर्वेला तोंड करून मांडा.

घंटा त्याआधी खाली उतरवून घ्या, पण शिड्या भिंतीला टेकवून नाही, क्रेन बोलवा. लाकडी हातोडीनं हलकेच एकदा वाजवून बघा. आवाज लांबत जाऊन विरला तर ती चांगली आहे. मधेच फाटका, चिरका निघाला तर तडा आहे, मग वाजवू नका. चांगली असेल तर तीन लोखंडी पाइपांची तिवई करून अंगणात टांगा, आणि ईस्टरच्या पहाटे दोरी सासऱ्यांच्या हातात द्या. तिवई धरायला खाली दीर लागेलच.

अहवाल आला की त्याची प्रत आणि काचेच्या पट्ट्यांचे फोटो मला पाठवा. तारखा दिसतील असे काढा.